जागच्या जागी

कळंब
१२ जानेवारी २०२४

ती. मामा,
सा. नमस्कार.

हे अक्षर माझंच आहे, डाव्या हाताचं. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलंय की रोज एक पान लिहायचं, म्हणजे हात वळेल. मनातलं लिही म्हणाले. मनातलं लिहिण्याजोगं नाही म्हणून पेपरातल्या बातम्या उतरवत होतो. आई म्हणाली, त्यापेक्षा मामाला लिही, त्याला फोनवर ऐकू येत नाही, पत्र आलं तर बरं वाटेल.

सोयाबीनच्या मळणीत माझा हात गेला तेव्हा तुम्ही दवाखान्यात येऊन गेला होता. आता जखम भरली. उजव्या कोपराखाली काही नाही. बाकी ठीक.

आई म्हणते मामाला विचार, दोन दिवस विहिरीत गाडला गेला होता तेव्हा धीर कसा धरला. म्हणून विचारतोय.

एवढं लिहायला पाऊण तास लागला.

तुमचा,
योगीराज

---

वाशी
२१ जानेवारी २०२४

चि. योगीराज यास बब्रुवान मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं शेरडाच्या वाड्यावर आणून दिलं. तुझ्या मामीला वाटलं कोर्टाची नोटीस हाय. अक्षर वाकडं हाय पर कळतंय. माझं उजव्या हाताचं बी ह्याच्यापरीस बरं न्हाय, सातवीतनं शाळा सुटल्याली.

तू इचारलंस म्हणून सांगतो. २००८ चा मे महिना. येडशीच्या अलीकडं एका रानात आमी हिरीचं खोलीकरण करत व्हतो. साठ फुटाच्या तळाला म्या आन् माझा जोडीदार रामहरी, दोघंच. बाकीची माणसं माती वढायच्या यारीनं वर जेवाया गेल्याली. दुपारी दोनच्या सुमाराला वरची मुरमाची कड सुटली ती समदी आमच्या अंगावर. यारीचं लोखंडी बकीट माझ्या डोक्यावर तिरपं येऊन अडकलं, त्येच्या आडोशाला वारा ऱ्हायला. रामहरी जागच्या जागी गेला. म्या कमरंएवढा गाडलेला. दोन दिवस, दोन राती. तोंड वलं कराया झऱ्याचं पाणी. देवाचं नाव घेतलं, तुझ्या मामीचं आन् पोरींचं तोंड डोळ्यापुढं आणलं आन् म्हणलं, जगायचंच. तिसऱ्या दिवशी पोकलेननं बाजूनं खोदून बाहीर काढलं. पेपरात फोटू आला व्हता. त्या घाण पाण्यानं कानात पू झाला आन् पुढं हळूहळू कान गेले. पर जीव ऱ्हायला.

माणसानं धीर सोडू न्हाय. तुझा एक हात गेला, एक हाय. समदं हुईल.

तुझा मामा,
बब्रुवान

---

कळंब
४ फेब्रुवारी २०२४

ती. मामा,

राग मानू नका. पण हे सगळं मला पाठ आहे. हात गेल्यापासून जो भेटायला येतो तो तुमचीच गोष्ट सांगतो. शेजारच्या काकांनी सांगितली. दाढी करायला घरी येतो त्या न्हाव्यानं सांगितली. माझं लग्न जमलं होतं, त्या पोरीचे वडील सोयरीक मोडायला आले, त्यांनीसुद्धा चहा पिऊन उठताना सांगितली. "बब्रुवानराव साठ फुटांवरनं परत आले, तुम्ही हाताचं काय घेऊन बसलात." एवढं बोलून पोरगी देत नाही म्हणाले.

तुमची गोष्ट ऐकून मला धीर येत नाही मामा. लाज वाटते. तुम्हाला पोरींची तोंडं दिसली. मला मशीन थांबल्यावर लाल झालेला भुसा दिसला, दुसरं काही दिसलं नाही. वायरमनच्या भरतीत नाव लागलं होतं, ते गेलं. सव्वीस वर्षांचा आहे आणि सदऱ्याची बटणं आई लावते. संडासला जाऊन आल्यावर पायजम्याची नाडी आई बांधते. हे सहन करायला तुमची विहीर उपयोगी पडत नाही.

चूक माझीच होती. मशीन चालू असताना मी हात घातला. सगळ्यांना मी असंच सांगितलंय.

अजून एक. तीन वर्षांखाली पंचमीला तुम्ही आमच्याकडे आला होता आणि दुपारी ओसरीवर झोपला होता. झोपेत मोठ्यानं बोलत होता, "रामहरी, बोल की रं, बोल की." जागच्या जागी गेलेल्या माणसाला कोणी असं म्हणत नाही. तेव्हा मी कुणाला बोललो नाही.

खरं लिहायचं असलं तर लिहा. नसलं तर शेरडांचं लिहा.

योगीराज

---

वाशी
३ मार्च २०२४

चि. योगीराज यास आशीर्वाद.

तुझं पत्र महिनाभर खिशात घिऊन हिंडलो. शेरडांचं लिहावं म्हणून तीनदा बसलो.

खोटं लिहिलं व्हतं. सोळा वर्सं त्येच सांगत आलोय, आता तोंडाला त्येच येतं. खरं हे हाय.

रामहरी जागच्या जागी गेला न्हाय. त्यो दीड दिवस जित्ता व्हता. माझ्या खालच्या अंगाला, हातभर लांब, छातीपातुर गाडलेला. डोळ्याला काय दिसत न्हवतं पर आवाज यायचा. आमी बोलायचो. पाणी उपसायचं इंजन वर बंद पडल्यालं, त्यामुळं झरा साठत व्हता. बोट बोट पाणी चढायचं. त्यो खाली, म्हणून आधी त्याला. दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्याला आलं. माझा एक हात मोकळा व्हता. म्या वाकून त्याची हनुवटी धरली आन् वर उचलून धरली. किती येळ धरली ते सांगता येत न्हाय. मग हाताला मुंग्या आल्या आन् हात सुटला. परत धरला न्हाय. का धरला न्हाय त्येचं उत्तर मला आजून सापडलं न्हाय. त्याचा आवाज बंद झाला. म्या हाका मारल्या.

पुढं पाणी माझ्या तोंडाला आलं. तवर माझा उजवा पाय सैल झाला व्हता. पाय ठिवाया जागा चाचपली. काय तरी टणक लागलं. त्यावर पाय रोवला आन् वीतभर वर झालो. नाक पाण्याच्या वर ऱ्हायलं. ते टणक म्हंजे रामहरीचा खांदा. अंगठ्याला त्याच्या बंडीची शिवण लागली, तवा कळलं.

त्यो तवा मेला व्हता का न्हाय, मला ठावं न्हाय. पायाखाली यकदा हाललं. माती हालली आसंल. म्या पाय काढला न्हाय. पोकलेनचा आवाज आला तवा बी त्यावरच हुबा व्हतो.

देवाचं नाव घेतलं न्हाय. पोरींची तोंडं आली न्हाईत. नाक वर ठिवायचं, एवढंच मनात.

दवाखान्यात त्याची बायको धुरपताबाई आली. कडंला लहान पोरगी. तवा मला ऐकू येत व्हतं. म्हणली, "भाऊ, लई हाल झालं का त्येंचं?" म्या म्हणलो, "न्हाय. जागच्या जागी." तवापासनं दर दिवाळीला तिला लुगडं घिऊन जातो. ती बस म्हणती, चार घटका बसतो आन् येतो. हिरीचं काम सोडलं, शेरडं धरली. दिवाळीचं तेवढं सोडलं तर चार वर्सं गावात बी गेलो न्हाय. तुझी मामी हाय म्हणून घर चाललं.

ही गोष्ट धीराची न्हाय. तुला धीर यावा म्हणून लिहिली न्हाय. तू खरं मागितलंस म्हणून लिहिली. मामीला बी ठावं न्हाय. कुणाला सांगू नको.

बब्रुवान

---

(पोस्टकार्ड)

वाशी
४ एप्रिल २०२४

चि. योगीराज,

मागचं पाकीट मिळालं का? महिना झाला. उघडं कार्ड हाय म्हणून जास्त लिहीत न्हाय. काळी शेरडी व्याली, दोन पाटी झाल्या, बोकड एक बी न्हाय. तुला माझ्याविषयी काय वाईट वाटलं आसंल तर तसं लिही. पर गप ऱ्हाऊ नको.

मामा

---

कळंब
१६ एप्रिल २०२४

ती. मामा,

पाकीट वेळेवर मिळालं होतं. वाईट वाटलं नाही. उत्तर का दिलं नाही ते लिहितो, पण हे आईला कळू देऊ नका.

पाडव्याच्या पुढं राहायचं नाही असं मी ठरवलं होतं. कसं ते लिहीत नाही. फेब्रुवारीतच ठरवलं होतं आणि ठरवल्यावर बरं वाटत होतं. आई म्हणायची, आता तू जरा हसायला लागलास. तेवढ्यात तुमचं पाकीट आलं.

तुमचं पत्र वाचून मी काही शहाणा झालो नाही. उलट डोक्यात किडा शिरला. रोज वाचायचो आणि रोज एकाच जागी अडायचो. तुम्ही सोळा वर्षं लुगडं घेऊन जाता आणि बोलत नाही, तिथं.

मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं. मशीन चालू असताना मी हात घातला नाही. ओल्या सोयाबीननं मशीन गच्च झालं होतं. मी ट्रॅक्टरवर बसलेल्या आपल्या रणधीरला ओरडून सांगितलं, बंद कर. त्यानं बंद केलं. मी आत हात घालून काड ओढत होतो. तो मोबाईलमध्ये बघत होता. त्यानं न बघता परत गिअर टाकला.

बाजूला दुसरं कोणी नव्हतं. त्यानंच मला गाडीत घातलं, अंगावरचा शर्ट काढून हाताला बांधला. दवाखान्यात पोलीस लिहून घ्यायला आले तेव्हा माझ्या तोंडातनं आपोआप निघालं की माझीच चूक. तो शेजारी उभा होता. काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी पुण्याकडं कंपनीत लागला. रोज सकाळी मेसेज करतो, "दादा जेवलास का." तेवढाच. मी उत्तर देत नाही. आईला वाटतं मी हातामुळं असा झालोय. हाताचं काय, हात नसलेली माणसं जगतात. पण माझा धाकटा भाऊ माझ्या जिवावर निर्दोष राहिला आणि तिकडं मजेत आहे, हे मला गिळवत नव्हतं.

तुमचं पत्र वाचेपर्यंत मला वाटायचं की तो मजेत आहे.

मला एक सांगा. एवढी वर्षं तुम्ही धुरपताबाईंच्या दारात जाता, तेव्हा तुम्हाला नेमकं काय पाहिजे असतं? त्यांना कळावं असं वाटतं, का कळू नये असं? खरं सांगा. मला त्यावर काहीतरी ठरवायचंय.

पाडवा झाला. मी आहे.

योगीराज

---

वाशी
२४ एप्रिल २०२४

चि. योगीराज यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मामीनं इचारलं काय लिहिलंय, म्हणलं बरा हाय. आता माझं ऐक. परत तसला इचार आला तर त्याच घडीला आईला हाक मार. लाजू नको. नाडी बांधून घेतोस तशी ही बी हाक मार. आन् डाक्टरला सांग, हाताच्या न्हाय, दुसऱ्या डाक्टरला. हे माझ्यासाठी कर. तारीख लिहून कळीव.

तू इचारलंस मला काय पाहिजे असतं. धुरपताबाईच्या दारात चप्पल काढताना वाटतं, आज तिनं इचारावं. आत बसलो की वाटतं, इचारू न्हाय. ती चहा ठिवाया उठली की म्या तेवढ्यात निघतो. फाट्यावर येईस्तवर सुटलो वाटतं. यष्टीत बसलो की परत त्येच. तिला कळावं बी आन् कळू बी न्हाय, दोन्ही एका टायमाला. येड लागायची पाळी.

रणधीरची म्या बाजू घेत न्हाय. त्यानं बोलायला पाहिजे व्हतं. पर मजेत न्हाय त्यो. त्यो तुझ्यावर हुबा हाय आन् त्याला खाली बघायचं भ्या वाटतंय. येवढं मला ठावं हाय. बाकी तू बघ.

म्या एक ठरवलंय. पोरं खरं लिहाया लागली आन् म्या म्हातारा लुगडं घिऊन फिरतो, हे काय बरं न्हाय. पुढच्या हप्त्यात धुरपताबाईकडं जातो.

मामा

---

वाशी
९ मे २०२४

चि. योगीराज,

जाऊन आलो. लुगडं नेलं न्हाय.

ती अंगणात तूर निवडत बसल्याली. दिवाळी न्हाय आन् म्या आलो म्हणून बघत ऱ्हायली. म्या हुब्यानंच सांगितलं. दीड दिवस जित्ता व्हता, हनुवटी धरली, सोडली, खांद्यावर पाय दिला, तुला खोटं सांगितलं. समदं. माझा आवाज किती मोठा व्हतो ते मला कळत न्हाय. शेजारची बाई दारात आली, म्हंजी मोठाच आसंल.

तिचा हात तुरीतच थांबला. मग ती बोलाया लागली. लई येळ बोलली. योगीराज, मला यक शबूद कळला न्हाय. तोंड हालताना दिसायचं. रडत न्हवती. शिव्या देती का काय म्हणती, तोंडावरनं कळंना. त्येच त्येच बोलती असं वाटलं. म्या नुसती मान हालवली. तिनं उठून माझा दंड धरला आन् हालवून परत त्येच बोलली. म्या परत मान हालवली. मग तिनं सूप उचललं, घरात गेली आन् कडी लावली.

तिला लिहाया येत न्हाय. पोरगी सासरी. घरात दुसरं कुणी न्हाय. शेजारच्या बाईला कसं इचारू?

तू घराबाहीर पडत न्हाईस, ठावं हाय. तरी मागतो. जाशील का? येडशीच्या फाट्याला उतरून रामहरी मिस्तऱ्याचं घर इचारलं तर कुणी बी दावंल. ती काय म्हणली ते इचार. जे म्हणली आसंल ते लिही. कमी करू नको.

मामा

---

कळंब
२७ मे २०२४

ती. मामा,

काल जाऊन आलो. आधी तुम्ही मागितलेली तारीख लिहितो. सतरा मेला आईला पाडव्याचं सगळं सांगितलं आणि वीसला तिच्याबरोबर धाराशिवला दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. गोळ्या चालू आहेत. आई आता मी न्हाणीत गेलो तरी बाहेरनं बोलत राहते. रणधीरचं मात्र तिला सांगितलं नाही. त्याला पत्र टाकलंय. "मी आईला काही सांगणार नाही. तू सांगायचं का नाही ते तू बघ. माझं काय व्हायचं ते झालं, तुझं होऊ नये." एवढंच लिहिलं.

काल सकाळच्या एसटीनं निघालो. सात महिन्यांत पहिल्यांदा एकटा. तिकिटाचे पैसे काढताना पाकीट खाली पडलं. उचलायला सगळी गाडी वाकली. नको नको झालं. फाट्यावर उतरून तसंच परत फिरावं वाटलं, पण परतीची गाडी तासाभरानं होती, म्हणून गेलो.

धुरपताबाईंनी आधी माझ्या बाहीकडं बघितलं. मी म्हटलं, बब्रुवानमामांचा भाचा. त्या म्हणाल्या, "त्यानं धाडलं व्हय? सोता का आला न्हाय?" मी म्हटलं, तुम्ही काय बोललात ते त्यांना ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, "बहिरा हाय ते ठावं हाय मला. पर येवढं एक तरी कळाया पाहिजे व्हतं की त्याला."

मामा, त्यांनी शिव्या दिल्या नव्हत्या. त्या एकच गोष्ट विचारत होत्या. तुमचा दंड धरून तीच विचारली. "काय बोलत व्हता?"

मला म्हणाल्या, "सोळा वर्सं मला वाटायचं, घरातनं भाकरी बांधून गेला त्येच त्याचं शेवटचं. आता ह्यो म्हणतो दीड दिवस जित्ता व्हता. मग दीड दिवस काय तरी बोलला आसंल. त्यो गप बसणारा माणूस न्हवं. काय बोलला, इचारलं तर ह्यो नुसती मान हालवतो. मला वाटलं, सांगायचं न्हाय ह्येला."

खांद्यावर पाय दिल्याचा विषय मीच काढला. त्या म्हणाल्या, "ते मागनं बघू. आधी त्यो काय बोलला ते सांग म्हणावं."

आठवतंय तेवढं लिहा. मी वाचून दाखवीन. त्यांनी मला जेवू घातलं. भाकरी दुधात कुस्करून दिली, विचारलं नाही.

योगीराज

---

वाशी
८ जून २०२४

चि. योगीराज,

हे धुरपताबाईला वाचून दाव. जसंच्या तसं.

धुरपताबाई, आधी त्यानं रानाच्या मालकाला शिव्या घातल्या. कडंला आधार लावा म्हणून आमी दोनदा सांगितलं व्हतं, त्यानं लावला न्हवता. मग माझ्यावर चिडला, की तूच म्हणलास जेवाया मागनं जाऊ. मग म्हणला गुडघा खाजतोय आन् हात पोचंना. त्यावर आमी दोघं हासलो. खरंच हासलो.

मग तुझं काढलं. म्हणला, "धुरपता सकाळी म्हणत व्हती आज जाऊ नका, पोरगीला ताप हाय. आता तिला जलमभर बोलाया झालं." पोरीचा ताप उतरला आसंल का म्हणून मला चार-पाच येळा इचारलं. म्या म्हणलो उतरला आसंल. पत्र्यावरचा धोंडा वाऱ्यानं सरकलाय, त्यो कुणाला तरी सांगून नीट कराया पाहिजे म्हणला. ते म्या तुला तवा सांगितलं न्हाय. चुकलं.

रातच्याला रडला. आईला हाका मारल्या. ते लपवीत न्हाय.

हे लिहिताना माझ्या मनात एक आलं व्हतं. लिहावं, की त्योच म्हणला, बब्रू, तुझा पाय माझ्या खांद्यावर ठिव, तू तरी जग. तुला बरं वाटलं आसतं आन् मला त्याच्याहून बरं वाटलं आसतं. दोन दिवस तसं लिहायचं म्हणून बसलो. पर तसं त्यो म्हणला न्हाय.

पाणी गळ्याला आलं तवा त्यानं तोंडात घिऊन बघितलं. शेवटचं त्यो हे बोलला, "लागलं की रं पाणी, बब्रू. गोड हाय." त्याच्या मागं बोलला न्हाय.

एवढंच हाय. दुसरं काय ऱ्हायलं न्हाय माझ्याकडं.

बब्रुवान

---

कळंब
३० जून २०२४

ती. मामा,

आधी घरचं. रणधीर पंचवीस तारखेला आला. बॅग खाली ठेवायच्या आधी आईला सांगितलं. आईनं त्याला मारलं नाही, काही नाही. उठून गोठ्यात गेली. तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही. माझ्याशीही धड बोलत नाही, लपवलं म्हणून. घरात तिघं आहोत आणि भांड्यांचा आवाज तेवढा येतो. रणधीर खूप वाळलाय. मी त्याला माफ वगैरे म्हटलं नाही. अजून राग येतो, दिवसातनं दोनदा तरी. पण त्याच्याकडं बघता येतं. काल मीच त्याला म्हटलं, गाडी काढ, येडशीला जायचंय.

धुरपताबाईंना तुमचं पत्र वाचून दाखवलं. पोरीच्या तापाशी त्यांनी थांबवलं आणि म्हणाल्या, "त्याच संध्याकाळी उतरला व्हता." मग म्हणाल्या, वाच पुढं. पायाचं खोटं तुम्ही लिहिणार होता ते आलं, तेव्हा हातानंच पुढं वाच म्हणून खुणावलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

मग म्हणाल्या, "पाणी लागलं की त्यो किटलीभर घरी आणायचा. कुठल्या बी हिरीचं. आधी मला पाजायचा आन् माझ्या तोंडाकडं बघत बसायचा. हिचं तेवढं आणलं न्हाय." थोड्या वेळानं डोक्यावर पदर घेऊन उठल्या. म्हणाल्या, "चला."

ती विहीर त्यांच्या घरापासनं पाऊण कोसावर आहे, मामा. सोळा वर्षांत त्या तिकडं फिरकल्या नव्हत्या. चालतच गेलो, त्या पुढं, आम्ही दोघं मागं. विहिरीला आता वरपर्यंत सिमेंटचं कडं आहे. मोटार आहे, पण लाईट नव्हती. कठड्याला दोर बांधलेला डबा होता. रणधीरनं सोडला आणि ओढून काढला.

त्यांनी ओंजळीत घेऊन एक घोट प्यायला. तोंडात तसाच धरला. गिळला. परत एक घेतला.

"मचूळ हाय," म्हणाल्या. "गोड कुठं हाय ह्ये? मचूळ हाय की."

आणि तिथंच कठड्याला धरून खाली बसल्या. "मरताना बी लबाड बोलला," असं म्हणत रडायला लागल्या. आम्हाला काही कळेना. रणधीर लांब जाऊन उभा राहिला. मी शेजारी बसलो. बराच वेळ रडल्या. मग तोंड धुतलं, त्याच पाण्यानं.

परत येताना मी विचारलं, मामांना काय लिहू?

त्या म्हणाल्या, "लिही की..." आणि पुढं चालायला लागल्या. गाडी चालू केल्यावर जवळ आल्या.

"खांद्याचं ऱ्हायलंय आजून. ते काय कागदावर सांगायचं न्हाय. येऊ दे त्याला. समोर बसवून बोलीन, माझं संपेस्तवर. त्याला ऐकू येत न्हाय, त्ये एक बरं हाय."

तुमचा,
योगीराज